काळी चारवाले मामाजी लडलोला जातात

तिकिटं मिलिंदची होती, बँड मिलिंदच्या आवडीचा होता, आणि ऐन त्या शनिवारी ऑफिसची सिस्टिम बदलायची म्हणून लॅपटॉपला चिकटून बसायची पाळीही मिलिंदवरच आली. त्यामुळे ज्या माणसानं कॉलेजपासून या अमेरिकन बँडची पारायणं केली तो रीडिंगच्या घरात बसला, आणि ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं अशी दोन माणसं, म्हणजे मी आणि माझे सासरे, श्रॉपशायरमधल्या लडलो नावाच्या गावाला निघालो. तिकिटं परत घेत नव्हते, बेड अँड ब्रेकफास्टवाल्या बाईंनाही पैसे देऊन झाले होते. जाणं भाग होतं.

बँडचं नाव मी मुद्दाम देत नाही. मी त्यांच्याबद्दल जे काही लिहीन ते चुकीचंच असेल, असं मिलिंदचं म्हणणं आहे. माझ्यासारख्यांसाठी एवढंच सांगते की गिटार, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, बँजो आणि माणसाएवढा उंच डबल बेस घेऊन अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची गाणी म्हणणारी ही मंडळी आहेत. गाण्यांत रेल्वे असते, नदी असते, बंद पडलेली खाण असते, आणि कुणीतरी कुणालातरी सोडून गेलेलं असतंच. या दौऱ्यात ते स्वतःचीच जुनी गाणी मोडून नव्यानं बांधणार होते, आणि सोबत त्यांच्या आवडीची काही त्याहून जुनी, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली गाणी.

आता सासऱ्यांबद्दल. मी पुण्याची, पण सासर नागपूरचं, म्हणून तिकडच्या पद्धतीनं मी त्यांना मामाजी म्हणते. दिवसा रेल्वेत नोकरी आणि संध्याकाळी भीमगीतांची गायन पार्टी, असं त्यांचं आयुष्य गेलं. विदर्भात एप्रिलमधल्या जयंतीला त्यांच्या पार्टीनं गाजवलं नाही असं गाव विरळा, असं ते स्वतः सांगतात. मामाजींची ओळख एकच, काळी चार. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून गाणारा आपला सूर ठरवतो. बहुतेक पुरुष काळी एक किंवा दोनवर गातात. मामाजी काळी चारवर गायचे, म्हणजे चांगलंच वर, आणि माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं.

तीन वर्षांपूर्वी एका तालमीत त्यांचे पेटीवाले देवाजी मास्तर थांबले आणि म्हणाले, "दादा, आता काळी दोनवर ये. वरचा सूर फाटून राहिला." देवाजी मास्तर कामठीचे, तीस-पस्तीस वर्षं मामाजींच्या शेजारी बसलेले. पेटीवर काळी चार आणि काळी दोन यांच्यात जेमतेम चार बोटांचं अंतर असेल. तेवढ्यावरून मामाजी उठले, चपला घातल्या आणि घरी आले. त्यानंतर ना ते गायले, ना देवाजींशी बोलले. आमच्याकडे येऊन त्यांना दोन महिने झाले होते आणि बाथरूममध्येसुद्धा गुणगुणणं नाही. आमच्या जवळच्या स्लाऊची आपली बौद्ध मंडळी एक हॉल घेऊन कार्यक्रम करणार होती, मामाजींनी गावं म्हणून दोनदा घरी येऊन गेली. मामाजींनी दोन्ही वेळा "गळा बसला आहे" असं सांगितलं. एवढे दिवस बसलेला गळा मी कुठे पाहिला नाही, पण सून म्हणून गप्प राहिले.

"बाबांना घेऊन जा," मिलिंद म्हणाला. "निदान लाइव्ह गाणं कानावर तरी पडेल. पुढच्या महिन्यात ते परत जाणार, आणि हे असंच राहिलं तर ते परत कधी गाणार नाहीत गं."

म्हणून शनिवारी सकाळी साडेसातला निघालो. रस्ता सोपा आहे: रीडिंगहून एम फोर मोटरवे, स्विंडनला बाहेर पडून ग्लॉस्टर, तिथून रॉस, हेरफर्ड आणि मग ए फोर्टीनाइनवरून थेट उत्तरेला लडलो. तीन तास धरा. ग्लॉस्टरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, तिथं आमची वीस मिनिटं गेली. हेरफर्डनंतर सफरचंदांच्या बागा आणि लाल माती सुरू होते, आणि ट्रॅक्टरही. ट्रॅक्टरच्या मागे सापडलात तर शांत बसा, ओव्हरटेक करायला जागा नाही.

मामाजी गात नसले तरी त्यांचा कान काही रजेवर गेलेला नव्हता. त्यांना प्रत्येक आवाजाची पट्टी सांगायची खोड आहे. सीटबेल्ट लावला नाही म्हणून गाडी बोंबलायला लागली तर म्हणाले, "पांढरी सहा." मागून लॉरीनं हॉर्न दिला, "काळी तीन." स्विंडनपाशी मी जरा जोरात ब्रेक दाबला तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याचीही पट्टी त्यांनी सांगितली, ती मी इथे लिहीत नाही.

"मामाजी, हे बँडवाले कसे वाटतात तुम्हाला?" मी विचारलं. घरी मिलिंद भांडी घासताना यांचंच एक गाणं लावतो, त्यामुळे दोन महिन्यांत ते आम्हा दोघांनाही पाठ झालं होतं. पुरात वाहून गेलेल्या पुलाचं गाणं आहे. धृपदात आवाज एकदम वर उडी मारतो आणि तिथं रोज मिलिंदचा गळा दगा देतो.

"गाणारा तयारीचा आहे," मामाजी म्हणाले. "पांढरी पाचमध्ये आहे ते. पण रेकॉर्ड चाळीस वर्षांची. आता काय गात असेल बिचारा."

मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये कॉफी घेऊ नका. दोन कॉफ्या आणि एका मफिनच्या पैशांत लडलोला दोघांचं जेवण होतं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मिरचीचा ठेचा घरून नेला होता, तो गाडीतच खाल्ला. ठेच्याची बाटली मामाजींनी नंतर कोटाच्या खिशात ठेवली आणि ती दोन दिवस तिथंच होती.

लडलो टेकडीवर आहे. वर किल्ला, किल्ल्यासमोर चौकात बाजार, आणि तिथून खाली नदीकडे उतरणारे रस्ते, दोन्ही बाजूंना काळ्या लाकडी पट्ट्यांची तिरकी घरं. गाडी स्टेशनजवळच्या मोठ्या कार पार्कमध्ये लावा आणि सुटी नाणी जवळ ठेवा, फोनवरचं ॲप माझ्याशी बोलायला तयार नव्हतं. बाजारात चीज, पाव, जुनी पुस्तकं, आणि एका टेबलावर फक्त दाराच्या मुठी. मामाजींनी एक पितळी मूठ हातात घेऊन पाच मिनिटं विचार केला. कशासाठी ते मी विचारलं नाही. बरोबर बारा वाजता चर्चच्या मनोऱ्यातून घंटांवर एक अख्खी धून वाजली. शेजारचा चीजवाला म्हणाला की रोज वेगळी धून असते. मामाजी मान वर करून ती संपेपर्यंत उभे राहिले, मग "पांढरी चार" म्हणाले आणि चीजचा नमुना उचलला.

कार्यक्रम दुपारी तीनला, गावाबाहेर दोन मैलांवरच्या एका जुन्या चॅपलमध्ये होता. तिकीट चोवीस पौंड, पार्किंग शेजारच्या कुरणात, फुकट. बूट जुने घाला. आणि उशी न्या, अगदी न विसरता. तिथली बाकं प्रार्थनेसाठी केलेली आहेत, आणि त्या काळी देवाला भक्तांच्या पाठीची फार काळजी नसावी. आमच्या आजूबाजूचे सगळे साठीच्या पुढचे, लोकरी स्वेटर घातलेले, प्रत्येकाकडे आपापली उशी. आम्ही दोघंच बिनउशीचे.

बँड आला. गाणारा अडुसष्ट वर्षांचा, सडपातळ, पांढऱ्या दाढीचा. फिडलवाली बाई त्याच वयाची, केसांची लांब वेणी. दोघं तरुण मागे, बेस आणि बँजोवर. पहिलं गाणं झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या. गाणं चालू असताना मात्र सगळीकडे शांतता, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. दुसऱ्या गाण्यात फिडलवालीनं एक जागा अशी घेतली की मामाजी मोठ्यांदा "क्या बात है" म्हणाले. पुढच्या बाकावरच्या जांभळ्या स्वेटरवाल्या बाईंनी मागे वळून पाहिलं.

"हे लोक ऐकून राहिले की झोपून राहिले?" मामाजींनी मला विचारलं. त्यांचं कुजबुजणंही काळी चारवरच असतं.

"असंच ऐकतात इथं, मामाजी."

"मग गाणाऱ्याला कसं समजते?"

तेवढ्यात बँडनं एक जुनं पारंपरिक गाणं घेतलं, पण दुसऱ्याच एका गाण्याच्या चालीवर. मामाजी एकदम सरसावून बसले. "हे तर आम्ही करत होतो," ते म्हणाले. "शब्द आपले, चाल बाजारातली. जी चाल लोकांच्या तोंडात आहे, ती घ्यायची." पुढची दहा मिनिटं ते मांडीवर ठेका धरून होते. मी मनातल्या मनात मिलिंदला मेसेज लिहून ठेवला.

मग गाणारा माइकजवळ आला आणि म्हणाला, "हे पुढचं मी सव्वीस वर्षांचा असताना लिहिलं. तेव्हा मला शायनिंग मारायची होती, म्हणून गाणं फार उंचावर बांधलं. आता मी तिथं राहत नाही. म्हणून जिथं राहतो तिथं ते आणून ठेवलंय." लोक हसले. गिटार सुरू झाली. भांडी घासायचं गाणं, पुलाचं.

पण हळू. रेकॉर्डवर ते पळतं, इथं चालत होतं. मामाजींनी माझा हात धरला. "पांढरी तीन," ते म्हणाले. "पट्टी उतरवली त्यानं." त्यांच्या आवाजात असं काही होतं की जणू तो गाणारा सगळ्यांदेखत चोरी करताना सापडला.

धृपद जवळ आलं. ती उडी आता येणार, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. गाणारा उडी मारायच्या जागेपर्यंत आला आणि तिथं थांबला. तो गप्प राहिला, आणि वरचा सूर फिडलवालीनं घेतला, एकटा, लांब. मग तो खालून पुन्हा शब्द घेऊन आला. मला संगीतातलं काही कळत नाही, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या जांभळ्या स्वेटरवाल्या बाईही रुमाल शोधत होत्या.

मामाजींनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "वरचा सूर त्या बाईला देऊन टाकला." आणि उठले.

मला वाटलं, टॉयलेटला निघाले. पण ते मधल्या वाटेनं सरळ स्टेजकडे निघाले आणि चालता चालता त्यांनी पाकीट काढलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपल्याकडे गायन पार्टीत गाणं रंगलं की ऐकणारा उठतो, नोट घेऊन स्टेजपाशी जातो, गाणारा गाणं थांबवून माइकवर त्याचं नाव पुकारतो, "अमक्या गावचे अमके यांच्याकडून बक्षीस, पार्टी आभारी आहे," आणि मग गाणं पुढे. नाव पुकारलं जाईपर्यंत देणारा हलत नाही. श्रॉपशायरमध्ये ही पद्धत नाही.

दहा पौंडांची नोट त्यांनी गाणाऱ्याच्या पायापाशी ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. गाणं चालूच. बेसवाला तरुण त्यांच्याकडे पाहायला लागला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले एक वयस्कर स्वयंसेवक हळूच आले आणि म्हणाले, "ऑल राइट, सर?" मामाजी त्यांना म्हणाले, "यस, यस. वेटिंग." मी बाकावर खाली सरकत सरकत उशी नसल्याचं दुःखही विसरले.

गाणाऱ्यानं गिटार थांबवली नाही, तेच दोन स्वर धरून ठेवले आणि वाकून विचारलं, "हे काय आहे, मित्रा?"

"बक्षीस," मामाजी म्हणाले. "प्राइझ. फॉर द साँग. प्लीज अनाउन्स."

"जरूर. कुणाकडून म्हणून सांगू?"

आता हे स्वतःचं नाव सांगणार, मग काळी चारही सांगणार, असं मी धरून चालले होते. मामाजींनी एकदा फिडलवालीकडे पाहिलं. मग म्हणाले, "फ्रॉम देवाजी मास्तर. हार्मोनियम. कामठी."

तीन वर्षांत हे नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. घरात कुणी चुकून काढलं तर ते उठून जायचे. आणि आता पांढऱ्या दाढीच्या त्या अमेरिकन माणसानं ते माइकवर, जमेल तसं, पण एकेक अक्षर जपून म्हटलं: "हे गाणं देवाजी मास्तर, हार्मोनियम, कामठी, यांच्याकडून. थँक यू, देवाजी." क्षणभर कुणाला काय करावं कळेना. मग जांभळ्या स्वेटरवाल्या बाईंनी टाळी वाजवली आणि सगळं चॅपल वाजवायला लागलं. मामाजींनी हात जोडले आणि परत येऊन बसले.

"का पाहून राहिली?" ते मला म्हणाले. "पेटीवाल्याचं नाव माइकवर कधी पुकारत नाहीत. त्याचं पण पुकारलं पाहिजे एकदा."

मध्यंतरात चहा आणि लेमन केक, दोन्ही मिळून चार पौंड, केक उत्तम. मी चहाच्या रांगेत लपायच्या बेतात होते, पण जांभळ्या स्वेटरवाल्या बाई शोधत आल्या. त्यांचं नाव मार्गारेट, जवळच्या लेमस्टर गावच्या. त्यांना ही पद्धत पूर्ण समजून घ्यायची होती, किती द्यायचे, कधी उठायचं, टाळी आधी की नाव आधी. मामाजींनी त्यांना सविस्तर शिकवलं. उत्तरार्धात दुसऱ्या गाण्याला मार्गारेटबाई उठल्या, पाचाची नोट ठेवली आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. "मार्गारेट, लेमस्टर," गाणाऱ्यानं पुकारलं. त्यानंतर आणखी तिघं उठले. शेवटच्या गाण्याआधी गाणारा म्हणाला की चाळीस वर्षांत त्याच्यासमोर इंग्लिश माणूस गाण्याच्या मध्ये उठला तो फक्त घरी जायला.

रात्री खालच्या रस्त्यावरच्या बी अँड बीमध्ये राहिलो. दोन खोल्यांचे दीडशे पौंड, न्याहारीसकट. मालकीणबाई, जूडिथ, सकाळी अंडी, मशरूम आणि भाजलेले टोमॅटो घेऊन आल्या. मामाजींनी खिशातून ठेच्याची बाटली काढली, अंड्यावर ठेचा घातला आणि जूडिथबाईंनाही चमच्याच्या टोकावर दिला. त्या एक ग्लासभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "व्हेरी अवेक." मग आम्ही नदीवर गेलो. किल्ल्याच्या मागून डिनहॅम पुलाकडे उतरा, बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथं बाक आहे. या गावात एकच गोष्ट करायची असेल तर ती करा, आणि तिला पैसे पडत नाहीत.

बाकावर मामाजी म्हणाले, "सुजाता, मी त्याला काय बोललो होतो, माहीत आहे तुला? म्हटलं, तुझी बोटं आता चालत नाहीत म्हणून तू मला खाली ओढून राहिला. त्यानं पेटी बंद केली फक्त." बंधाऱ्याचा आवाज चालू होता. त्याची पट्टी त्यांनी सांगितली नाही.

"फोन करा ना, मामाजी."

"पाहू."

परतीच्या वाटेवर हेरफर्डपाशी त्यांनी विचारलं, "स्लाऊचा तो कार्यक्रम कधी म्हणाले?" मी म्हटलं, दोन आठवड्यांनी, रविवारी. ते बरं म्हणाले आणि रॉसपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता, नागपुरात संध्याकाळ. मिलिंदनं दारातच गाण्यांची यादी मागितली. कुठलं गाणं कसं बदललं, हे मला सांगता येईना, म्हणून तो चिडला. बक्षिसाची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र तो खुर्चीत बसलाच. तुम्ही जाणार असाल तर माझा हिशेब साधा आहे: एक रात्र पुरते, उशी न्या, जुनी गाणी जशीच्या तशी ऐकायची असतील तर घरी रेकॉर्ड लावा. आमच्या घरी त्यानंतर काय झालं ते सांगते.

मी चहा टाकला. मामाजींनी स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन उभा केला, ठेच्याच्या बाटलीला टेकवून, आणि नंबर लावला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिला. मग देवाजी मास्तरांचा चेहरा आला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

"जय भीम," मामाजी म्हणाले.

"जय भीम."

"तुझ्या नावानं बक्षीस दिलं काल."

"कोणाला?"

"एका अमेरिकन गाणाऱ्याला."

देवाजींनी विचार केला. "कसा गाऊन राहिला?"

"पट्टी उतरवून," मामाजी म्हणाले.

माझा चहा उतू जायला आला होता, पण मी हलले नाही.

"मग?" देवाजी म्हणाले.

मामाजींनी घसा साफ केला. "बरा गातो," ते म्हणाले. "माझं चुकलं, देवाजी."

देवाजी मास्तर चष्मा काढून पुसायला लागले. मग उठले, चेहऱ्याच्या जागी भिंत दिसली, काहीतरी ओढल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा पुढ्यात पेटी होती. त्यांनी भाता चालवला आणि एक सूर धरला. मामाजींनी पट्टी विचारली नाही, आणि सांगितलीही नाही. डोळे मिटले आणि आपलं एक जुनं भीमगीत गायला लागले, बसलेल्या, जाड, माझ्या अनोळखी आवाजात. मिलिंद दारात उभा होता. धृपदाला वरचा सूर आला तिथं मामाजी थांबले. तो सूर कामठीहून आला, फोनमुळे जरा उशिरा, पण आला.